गोंगाट-संगीत व औद्योगिक संगीत

यंत्रांची घरघर, धातूंवरील आघात, विद्युत् उपकरणांतील खरखर, कर्कश शिट्ट्या इ. प्रचलित संगीतात त्याज्य मानलेल्या ध्वनींचा हेतुपुरस्सर उपयोग करणारे विसाव्या शतकातील दोन परस्परसंबद्ध प्रायोगिक संगीतप्रकार. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे ‘नॉइझ म्यूझिक’ व ‘इंडस्ट्रियल म्यूझिक’ अशा संज्ञा आहेत. पहिल्याची वैचारिक बीजे इटलीतील भविष्यवादी चळवळीत (१९१३) आढळतात. दुसऱ्यास त्याचे नाव १९७६ मध्ये लंडन येथे मिळाले. सुरावट, स्वरसंवाद व नियमित ताल यांच्याऐवजी ध्वनीचा पोत, घनता, तीव्रता व कालावधी ही या संगीताची प्रमुख अंगे होत. प्रथम श्रवणी ते बहुतेकांस असह्य वाटते. तथापि ‘संगीत कशास म्हणावे’ हा प्रश्न या प्रकारांनी जितक्या निकराने उपस्थित केला, तितक्या निकराने तो आधुनिक काळात क्वचितच उपस्थित झाला असेल. त्याचे उत्तर ध्वनीच्या गुणधर्मांत शोधावयाचे की श्रोत्याच्या अवधानात, हा या संगीताच्या इतिहासातील मध्यवर्ती मुद्दा होय.

स्वर आणि गोंगाट : जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ध्वनीचे दोन वर्ग मानले. ज्याची कंपने नियमितपणे पुनरावृत्त होतात, तो सांगीतिक स्वर. ज्याची कंपने अनियमित असतात, तो गोंगाट. स्वरात मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकी पटींतील उपस्वर मिसळलेले असतात आणि त्यांमुळे स्वराची तारता कानास निश्चितपणे कळते. गोंगाटात असंख्य कंप्रता असंबद्धपणे एकत्र येतात. ज्या गोंगाटात सर्व कंप्रतांना सारखीच शक्ती लाभलेली असते, त्यास प्रकाशाच्या उपमेने ‘श्वेत गोंगाट’ म्हणतात. कोणत्याही केंद्रावर न लावलेल्या रेडिओची खरखर हे त्याचे परिचित उदाहरण म्हणता येईल.

हा भेद भौतिकीदृष्ट्या ग्राह्य असला, तरी प्रत्यक्ष संगीतात तो तितका काटेकोर राहत नाही. व्हायोलिनच्या गजाचे घर्षण, बासरीतील फुंकरीचा आवाज, गायकाने उच्चारलेली व्यंजने हे सर्व अनियमित ध्वनीच होत; ते वगळल्यास वाद्याची व कंठाची ओळखच पुसट होते. भारतीय संगीतात तर ही सीमारेषा दोन्ही दिशांनी ओलांडलेली दिसते. ताणलेल्या साध्या चामड्याचे उपस्वर पूर्णांकी पटींत नसतात. परंतु पखवाज व तबला यांच्या पुडीवर शाई भरल्याने ते तसे होतात व चर्मवाद्यातून स्वर निघतो, असे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. याउलट तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, ती तारेच्या शुद्ध नादात सूक्ष्म झणत्कार आणण्यासाठीच. पहिल्या उदाहरणात गोंगाटाला स्वराची शिस्त लावलेली आहे, तर दुसऱ्यात स्वराला झणत्काराची जोड दिलेली आहे.

दळणवळणशास्त्रात गोंगाट या संज्ञेचा अर्थ वेगळा आहे. इष्ट संदेशात मिसळून त्यास बाधा आणणारा कोणताही अनिष्ट संकेत म्हणजे गोंगाट. या व्याख्येत ध्वनीच्या घडणीपेक्षा ऐकणाऱ्याच्या अपेक्षेला महत्त्व आहे. जो ध्वनी एका प्रसंगी अडथळा असतो, तोच दुसऱ्या प्रसंगी संदेश होऊ शकतो. गोंगाट-संगीताच्या कर्त्यांनी प्रायः हीच भूमिका स्वीकारली.

पूर्वपीठिका : इटालियन चित्रकार लूईजी रूसोलो (१८८५–१९४७) याने ११ मार्च १९१३ रोजी संगीतकार फ्रांचेस्को बालिल्ला प्रातेल्ला यास उद्देशून लिहिलेल्या पत्ररूप जाहीरनाम्यात गोंगाटाच्या कलेचा पुरस्कार केला. प्राचीन जीवन शांत होते, एकोणिसाव्या शतकात यंत्रांबरोबर गोंगाटाचा जन्म झाला आणि आता मानवाच्या संवेदनेवर त्याचेच अधिराज्य आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. वाद्यवृंदातील मोजक्या ध्वनिवर्णांनी नागर श्रोत्याचे समाधान होणे यापुढे अशक्य आहे, असे म्हणून त्याने गोंगाटाची सहा कुलांत विभागणी केली : गडगडाट व स्फोट, शिट्ट्या व फूत्कार, कुजबुज व पुटपुट, करकर व घर्षण, धातू, लाकूड, चामडे, दगड इत्यादींवरील आघात, आणि मनुष्य व पशू यांचे आवाज. चित्रकार ऊगो प्यात्ती याच्या साहाय्याने त्याने ‘इंतोनारूमोरी’ नावाची वाद्ये तयार केली. लाकडी पेटीतील चाक दांड्याने फिरविले असता ते तारेवर घासले जाई, तारेचे कंपन पडद्याकडे पोहोचे व कर्ण्यातून बाहेर पडे. तरफेने तारेचा ताण बदलून गोंगाटाची तारता कमीजास्त करता येत असे. म्हणजे रूसोलोस गोंगाट जसाच्या तसा नको होता. त्यास सुरात बांधावयाचे होते. २१ एप्रिल १९१४ रोजी मिलान येथे या वाद्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा प्रेक्षक व भविष्यवादी यांच्यात हातघाई झाली. मूळ वाद्ये पुढे नष्ट झाली. आज ऐकावयास मिळतात ती पुनर्रचित वाद्ये होत.

यानंतरच्या दोन दशकांत यंत्रध्वनीने संगीतसभेत अनेक वाटांनी प्रवेश केला. आर्सेनी आव्रामोव्ह या रशियन संगीतकाराने ७ नोव्हेंबर १९२२ रोजी बाकू शहरात कारखान्यांचे भोंगे, जहाजांची शिंगे, तोफा व जनसमूहाचे गायन यांची सिंफनी सादर केली. जॉर्ज अँथाइल (१९००–५९) याच्या ‘बाले मेकॅनिक’ या रचनेत विमानाचे पंखे, विद्युत् घंटा व भोंगा यांचा अंतर्भाव होता. फ्रेंच-अमेरिकन संगीतकार एद्गार व्हारेझ (१८८३–१९६५) याची ‘आयोनिझेशन’ (१९२९–३१) ही तेरा आघातवादकांसाठी लिहिलेली रचना या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. तीत भोंग्यांचाही उपयोग असून सुरावट जवळजवळ नाहीच. मात्र रचनेची बांधणी अत्यंत रेखीव आहे. संगीत म्हणजे सुसंघटित ध्वनी, ही व्हारेझची व्याख्या पुढील पिढ्यांना आधारभूत ठरली.

ध्वनिमुद्रण व नवी श्रवणदृष्टी : ध्वनिमुद्रणामुळे कोणताही ध्वनी त्याच्या उगमापासून वेगळा करून पुनःपुन्हा ऐकणे शक्य झाले. फ्रेंच नभोवाणीतील अभियंता पिएर शेफेर (१९१०–९५) याने या शक्यतेचे रूपांतर रचनापद्धतीत केले. पॅरिसमधील बातीन्योल स्थानकावर मुद्रित केलेल्या आगगाड्यांच्या आवाजांतून त्याने एक अभ्यासिका रचली. तिच्यासह पाच गोंगाट-अभ्यासिका ५ ऑक्टोबर १९४८ रोजी प्रसारित झाल्या. त्या वेळी त्याच्याजवळ ध्वनिफीत नव्हती. तबकड्यांवर बंद खाचा कोरून तो एकच ध्वनिखंड पुनःपुन्हा वाजवीत असे. पुनरावृत्तीमुळे ‘ही आगगाडी आहे’ ही जाणीव मागे पडते आणि ध्वनीचा आकार, त्याची लय व त्याचे वजन पुढे येते, हे त्याचे निरीक्षण होते. त्याच्या या पद्धतीस ‘म्यूझिक काँक्रेत’ म्हणजे मूर्त संगीत असे नाव पडले.

अमेरिकन संगीतकार जॉन केज (१९१२–९२) याने हाच विचार वेगळ्या दिशेने नेला. आपण कोठेही असलो, तरी आपल्या कानी येते ते बहुतांशी गोंगाटच असते. दुर्लक्ष केल्यास तो त्रास देतो, लक्ष दिल्यास वेधून घेतो, असे त्याचे म्हणणे होते. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई (१९२२–२०११) यांच्याकडून त्याने भारतीय संगीताची तत्त्वे समजून घेतली. मोबदल्यात त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकविले. चित्त शांत व निर्मळ करणे हे संगीताचे प्रयोजन, ही त्यांनी सांगितलेली कल्पना त्याने पुढे आयुष्यभर उद्धृत केली. १९५२ मध्ये सादर झालेल्या त्याच्या प्रसिद्ध मूक रचनेत वादक एकही स्वर वाजवीत नाही. सभागृहात व बाहेर सहजपणे होणारे ध्वनी हेच तिचे द्रव्य होय.

गोंगाट-संगीतास लाभलेला तिसरा प्रवाह अखंड नादाचा आहे. ला माँट यंग (१९३५–  ) याने १९६० नंतर न्यूयॉर्क येथे दीर्घकाळ टिकविलेल्या, मोठ्या तीव्रतेच्या स्वरसमूहांचे प्रयोग केले. तंबोऱ्याचा अविरत नाद हा त्याच्या प्रेरणांपैकी एक होता. १९७० पासून त्याने किराणा घराण्याचे गायक पं. प्राणनाथ (१९१८–९६) यांचे शिष्यत्वही पत्करले. यंगच्या वृंदातील जॉन केल हा पुढे लू रीड (१९४२–२०१३) याच्यासमवेत ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या रॉक वाद्यवृंदात होता. रीडने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मेटल मशीन म्यूझिक’ या दुहेरी ध्वनिमुद्रिकेत गीत, ताल व शब्द यांचा लवलेश नाही. सुमारे चौसष्ट मिनिटे गिटार व ध्वनिवर्धक यांच्यातील परस्परप्रतिसादाचा कल्लोळ तीत आहे. मुद्रिकेवर रीडने यंगचा नामनिर्देश केला आहे. ग्राहकांनी ती फसवणूक समजून परत केली आणि ती लवकरच बाजारातून मागे घेण्यात आली. मात्र २००२ मध्ये बर्लिन येथे ‘त्साइटक्रात्सर’ या वाद्यवृंदाने तिचे स्वरलेखन करून ती व्हायोलिन, चेलो इ. वाद्यांवर जशीच्या तशी सादर केली. ज्यास निव्वळ गोंगाट म्हटले गेले त्यात लिहून काढण्याजोगी घडण होती, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

औद्योगिक संगीत : हल व लंडन येथे कार्य करणाऱ्या ‘कूम ट्रान्समिशन्स’ या कलावंतगटातून १९७५ मध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ हा चौघांचा वृंद निर्माण झाला. जेनेसिस पी-ऑरिज (१९५०–२०२०), कोझी फॅनी टुटी (१९५१–  ), पीटर क्रिस्टोफरसन (१९५५–२०१०) आणि क्रिस कार्टर (१९५३–  ) हे त्याचे सदस्य. त्यांपैकी कोणीही रूढ अर्थाने शिक्षित वादक नव्हते. कार्टर स्वतः विद्युत् उपकरणे जुळवीत असे. क्रिस्टोफरसनने कळफलकाला ध्वनिफितीची यंत्रे जोडून मुद्रित आवाज वाजविण्याची सोय केली होती. टुटी गिटारचा उपयोग स्वरांसाठी न करता घर्षण व आघात यांसाठी करी. १९७६ मध्ये त्यांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था स्थापन केली. ‘औद्योगिक लोकांसाठी औद्योगिक संगीत’ हे तिचे घोषवाक्य अमेरिकन कलावंत माँटी काझाझा याने सुचविले होते. ‘द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’ (१९७७) या त्यांच्या पहिल्या मुद्रिकेच्या प्रथम आवृत्तीत केवळ ७८५ प्रती निघाल्या. वार्षिक अहवालाचे हे शीर्षक, कार्यालयीन धाटणीचे वेष्टन व कारखान्याची परिभाषा यांत उपरोध होता. संगीत हेही एक कारखानी उत्पादनच झाले आहे, तर ते उघडपणे तसेच का सादर करू नये, असा त्यांचा प्रश्न होता.

या नावात एक ऐतिहासिक विसंगतीही दडलेली आहे. रूसोलोने यंत्राचे स्वागत केले, तेव्हा इटलीतील उद्योगधंदे वाढत होते. औद्योगिक संगीत उदयास आले, तेव्हा ब्रिटनमधील जुने उद्योग मोडकळीस येत होते. लंडनच्या गोद्या एकामागून एक बंद पडत होत्या व पोलादनगरी शेफील्डमधील कामगार बेकार होऊ लागले होते. या संगीतातील घणाचे घाव हे त्यामुळे एकाच वेळी यंत्रयुगाचा निषेध व त्याचा मृत्युलेख ठरतात. शेफील्ड येथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅबरे व्हॉल्टेअर’ या त्रिकुटाने (रिचर्ड कर्क, स्टीव्हन मॅलिंडर व क्रिस वॉटसन) ध्वनिफितींचे तुकडे, विकृत केलेला मानवी आवाज व यांत्रिक ताल यांचा मेळ घातला. त्यांचे नाव १९१६ मध्ये झुरिक येथे दादावाद्यांनी काढलेल्या रंगगृहावरून घेतलेले आहे.

लंडनच्या न्यू क्रॉस भागातील ‘टेस्ट डिपार्टमेंट’ या वृंदाने (स्थापना १९८१) गोद्या व कारखाने यांच्या भंगारातील पत्रे, स्प्रिंगा व पिंपे हीच आपली वाद्ये केली. १९८४–८५ मधील खाणकामगारांच्या दीर्घ संपात त्याने संपकऱ्यांच्या साहाय्यार्थ कार्यक्रम केले आणि साउथ वेल्समधील संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर ‘शोल्डर टू शोल्डर’ (१९८५) ही ध्वनिमुद्रिका काढली. लोखंडावरील कठोर आघात आणि पुरुषकंठांचे पारंपरिक समूहगान एकाच मुद्रिकेवर ऐकताना, हे ध्वनी ज्यांच्या श्रमातून निर्माण झाले ते लोक प्रथमच ध्वनीबरोबर पुढे येतात. संप अपयशी ठरला व पुढे बहुतेक खाणी बंद झाल्या. त्यामुळे या मुद्रिकेस आता दस्तऐवजाचे मूल्य प्राप्त झाले आहे.

पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली स्थापन झालेल्या ‘आइनश्ट्युर्त्सेंड नॉयबाउटेन’ या वृंदाच्या नावाचा अर्थ ‘कोसळत्या नव्या इमारती’ असा आहे. ब्लिक्सा बार्गेल्ड व एन. यू. उनरू हे त्याचे संस्थापक सदस्य. पैशाअभावी नेहमीची वाद्ये न परवडल्याने त्यांनी बांधकामावरील लोखंड, गिरमिट यंत्रे व हातोडे वापरले, तसेच महामार्गावरील पुलाच्या पोकळीतही ध्वनिमुद्रण केले. जानेवारी १९८४ मध्ये लंडनच्या समकालीन कला संस्थेत यंत्रांच्या कार्यक्रमात रंगमंचच पोखरला जाऊ लागल्याने प्रयोग थांबवावा लागला. ‘कोलाप्स’ (१९८१) या मुद्रिकेतील विध्वंसाकडून ‘हाल्बर मेन्श’ (१९८५) मधील समूहकंठांच्या नियंत्रित रचनेकडे व पुढे जवळजवळ निःशब्द अशा मंद गीतांकडे त्यांचा प्रवास झाला. पहिल्या महायुद्धाच्या स्मरणार्थ बेल्जियममध्ये सादर झालेली ‘लामेंट’ (२०१४) ही त्यांची उत्तरकालीन महत्त्वाची कृती होय.

ऑस्ट्रेलियातील ‘एसपीके’, युगोस्लाव्हियातील (सध्याच्या स्लोव्हेनियातील) त्रबोव्हल्ये या कोळसानगरीतून आलेला ‘लायबाख’, अमेरिकेतील बॉइड राइस व झेड-इव्ह हेही या चळवळीचे आरंभीचे प्रतिनिधी होत. १९८१ मध्ये थ्रॉबिंग ग्रिसल विसर्जित झाले (पुनर्मीलन २००४). त्यानंतर औद्योगिक ही संज्ञा अधिक व्यापक झाली. बेल्जियममधील ‘फ्रंट २४२’, कॅनडातील ‘स्किनी पपी’ व शिकागोतील ‘मिनिस्ट्री’ यांनी तीत नृत्यताल व रॉक गिटार आणली. ट्रेंट रेझ्नर याच्या ‘नाइन इंच नेल्स’ या वृंदाच्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ (१९९४) सारख्या मुद्रिकांमुळे हे ध्वनी लक्षावधी श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

जपानमधील गोंगाट-संगीत : जपानमध्ये १९७९ च्या सुमारास गोंगाट-संगीताची स्वतंत्र परंपरा सुरू झाली. तेथे गोंगाट हा कशाचे तरी प्रतीक न राहता स्वयंपूर्ण अनुभव बनला. ‘हिजोकाइदान’ या कान्साई भागातील वृंदाचे आरंभीचे प्रयोग रंगमंचावरील बेबंद वर्तनामुळे गाजले. ‘हानातराश’ या ओसाकाच्या वृंदाच्या यामात्सुका आय याने १९८५ मध्ये टोकिओतील सभागृहात माती खणण्याचे यंत्र चालवून भिंत फोडली. या परंपरेतील सर्वांत ख्यातनाम कलावंत म्हणजे मासामी आकिता (१९५६–  ) होय. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स याच्या टाकाऊ वस्तूंतून उभारलेल्या ‘मेर्त्सबाउ’ या वास्तुशिल्पावरून त्याने ‘मेर्त्सबोव’ हे नाव घेतले. आरंभी तो स्वतः मुद्रित केलेल्या ध्वनिफिती टपालाने अन्य कलावंतांशी अदलाबदल करून प्रसृत करीत असे. ‘पल्स डेमन’ (१९९६) ही त्याची मुद्रिका या प्रकाराची परिसीमा मानली जाते. २००० मध्ये त्याच्या रचनांचा पन्नास तबकड्यांचा संच निघाला. आकिताच्या संगीतात ताल व तारता यांचा आधार जवळजवळ नसतो. परंतु जाड व बारीक, कोरड्या व द्रवरूप, स्थिर व उसळत्या ध्वनिस्तरांची सतत अदलाबदल चालू असते.

तंत्र व साधने : या संगीताची मूलतंत्रे साधी आहेत. ध्वनिग्राहक किंवा गिटार ध्वनिक्षेपकासमोर धरल्यास बाहेर पडलेला ध्वनी पुन्हा आत शिरतो व वाढत जाऊन सतत किंचाळू लागतो. यास ‘फीडबॅक’ म्हणतात. ध्वनिवर्धकाच्या क्षमतेपेक्षा मोठा संकेत त्यात सोडल्यास तरंगाचे माथे छाटले जातात व मूळ ध्वनीत नसलेले अनेक उपस्वर निर्माण होतात. विद्युत् ध्वनीतील खरखरीत विकृती प्रायः अशी घडते. धातूच्या पत्र्यास स्पर्श-ध्वनिग्राहक चिकटवून हवेतून ऐकू न येणारी सूक्ष्म कंपने मोठी करता येतात. मुद्रित ध्वनिफीत कापून, उलट फिरवून, संथ करून किंवा तिचे टोकास टोक जोडून वळसा करून वाजविणे हे शेफेरपासून चालत आलेले तंत्र आता संगणकाद्वारे होते. साधने स्वस्त असल्याने संगीतशिक्षण व धन यांवाचूनही रचना करणे शक्य झाले. १९८० नंतरच्या दशकात कॅसेट व टपाल यांच्या साहाय्याने या संगीताचे जगभर जाळे पसरले. ध्वनिमुद्रण कंपन्या, नभोवाणी व वृत्तपत्रीय समीक्षा यांच्या वाटेस न जाता कलावंत व श्रोते यांनी परस्परांशी थेट संबंध जोडले. ‘नर्स विथ वूंड’ या वृंदाच्या पहिल्या मुद्रिकेसोबत (१९७९) प्रायोगिक कलावंतांची एक यादी छापली होती. पुढे भर पडून ती सु. २९० नावांची झाली आणि अनेक श्रोत्यांनी ती मार्गदर्शिका म्हणून वापरली.

आक्षेप व वाद : या संगीतावरील सर्वांत गंभीर आक्षेप नादविषयक नसून नैतिक आहे. इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सच्या बोधचिन्हात आउश्विट्झ येथील छायाचित्राचा वापर केलेला होता. लायबाखने सर्वंकष सत्तांचे गणवेश व घोषणा यांचा अवलंब केला, तर ‘व्हाइटहाउस’ (स्थापना १९८०) या वृंदाने क्रौर्य व अत्याचार हेच विषय निवडले. समाजाने झाकून ठेवलेले भयानक वास्तव उघड करणे, हा आपला हेतू असल्याचे अनेकांनी सांगितले. लायबाखच्या बाबतीत सत्तेच्या भाषेची अतिशयोक्त नक्कल करून तिचे पोकळपण दाखविण्याचा उद्देश पुष्कळ समीक्षकांनी मान्य केला आहे. मात्र भाष्य न करता दाखविलेले चिन्ह निषेध आहे की आकर्षण, हे ठरविणे श्रोत्यावर सोपविले जाते आणि काही अनुयायांनी त्याचा अर्थ आकर्षण असाच घेतला. पीडितांच्या यातनांचा धक्कातंत्रासाठी उपयोग करणे कितपत समर्थनीय आहे, हा प्रश्न त्यामुळे अजूनही मिटलेला नाही. शिवाय धक्का पुनरावृत्तीने बोथट होतो, हेही या चळवळीच्या इतिहासात दिसून आले.

श्रवणाची दिशा : या संगीताची प्रथमच ओळख करून घेणाऱ्याने त्यात सुरावट शोधू नये. दाट धुक्यात किंवा वाहत्या पाण्यात पाहणाऱ्याची दृष्टी जशी हळूहळू स्थिरावते, तसे अवधान येथे अपेक्षित असते. ध्वनी किती स्तरांचा आहे, कोणता स्तर केव्हा विरतो, घनता कोठे वाढते, थांबा कोठे येतो, यांकडे लक्ष दिल्यास रचना उलगडू लागते. आरंभासाठी शेफेरची सु. तीन मिनिटांची आगगाड्यांवरील अभ्यासिका व व्हारेझचे ‘आयोनिझेशन’ योग्य ठरतात. त्यानंतर थ्रॉबिंग ग्रिसलची ‘२० जॅझ फंक ग्रेट्स’ (१९७९) ऐकावी. तीत जॅझही नाही व वीस रचनाही नाहीत, परंतु तिचे मंद ताल व हळुवार ध्वनिवर्ण नवख्या श्रोत्यास सामावून घेतात. ‘हाल्बर मेन्श’ व ‘शोल्डर टू शोल्डर’ यांनंतरच मेर्त्सबोवकडे वळणे श्रेयस्कर. शेफेरच्या अभ्यासिकेशी ताडून ऐकण्याजोगी अलीकडील कृती म्हणजे ‘एल त्रेन फांतास्मा’ (२०११) होय. कॅबरे व्हॉल्टेअर सोडून निसर्गध्वनींच्या मुद्रणाकडे वळलेल्या क्रिस वॉटसनने मेक्सिकोतील बंद झालेल्या रेल्वेसेवेचे ध्वनी तीत गुंफले आहेत.

तीव्रता हे या संगीताचे अंग असले, तरी श्रवणेंद्रियाची हानी ही अपरिवर्तनीय असते, हे विसरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात ८० डेसिबेलचा ध्वनी ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. तीव्रता दर ३ डेसिबेलने वाढताच ही कालमर्यादा निम्म्यावर येते. कार्यक्रमांत कानात बोळे घालणे म्हणूनच इष्ट होय. घरी ही मुद्रणे मध्यम तीव्रतेवर ऐकल्यास त्यांतील बारकावे अधिक स्पष्ट होतात.

मूल्यमापन : गोंगाट-संगीताचा श्रोतृवर्ग नेहमीच मर्यादित राहिला, प्रभाव मात्र दूरवर पसरला. चित्रपटांच्या ध्वनियोजनेत तो विशेष जाणवतो. डेव्हिड लिंच व ॲलन स्प्लेट यांनी ‘इरेझरहेड’ (१९७७) या चित्रपटासाठी योजिलेली यंत्रांची अखंड घरघर आणि रेझ्नर व ॲटिकस रॉस यांचे ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) चे ऑस्करविजेते पार्श्वसंगीत ही त्याची उदाहरणे होत. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ झाक आताली याने १९७७ मध्ये असे मत मांडले, की कोणत्याही समाजात गोंगाट कोणता व संगीत कोणते हे ठरविण्याचा अधिकार हा सत्तेचाच एक भाग असतो आणि येणाऱ्या समाजरचनेची चाहूल संगीतात आधी लागते. हा सिद्धांत सर्वांशी मान्य न केला, तरी विसाव्या शतकातील या प्रयोगांमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. स्वर आणि गोंगाट यांच्यातील सीमा निसर्गाने आखून दिलेली नाही. गिरणीच्या भोंग्याने ज्यांचा दिवस बांधलेला होता, त्यांना तो कामाचा हुकूम वाटे. गिरणी बंद पडल्यावर तोच ध्वनी स्मृती होतो, आणि कोणी तो अवधानपूर्वक ऐकावयास बसले, तर संगीतही होऊ शकतो.